चारही पाय डावे

माझ्या मामानं अख्खी नोकरी डावं मडगार्ड करण्यात घालवली. उजवं नाही. उजवं भोसरीला व्हायचं, दुसऱ्या कुणाच्या तरी शेडमध्ये, दुसऱ्या कुणाच्या तरी मामाच्या हातून. चाकणच्या पट्ट्यात यात काही नवल नाही. इथं एक माणूस दाराची आतली पट्टी करतो, त्याचा सख्खा भाऊ त्या पट्टीचा स्क्रू करतो आणि दोघांनीही ती गाडी आतून बघितलेली नसते.

पण मामाच्या अंगात ते डावेपण मुरलं. कुणी पत्ता विचारला की सांगणार, "सरळ जावा, डाव्या हाताला मारुती लागतंय, तिथून डावीकडं, मग फुडं परत डावीकडं." माणूस गोल फिरून पुन्हा मामापुढं हजर. केस कापून आला की आरशात डावं कानशील बघायचं आणि म्हणायचं, "ब्येस." उजवीकडं न्हाव्यानं काय दिवे लावलेत ते मामीनं सांगायचं. शालनमामी तर म्हणते, "लग्नात मी डाव्या अंगाला बसले म्हणून ह्येंच्या ध्यानात तरी राहिले. उजवीकडं बसले असते तर औशाच्या स्टँडवरच इसरून आले असते."

मामाचं नाव ज्योतीराम, गाव औसा तालुक्यात. महाळुंग्यात राहून इतकी वर्षं झाली तरी बोलणं आत्ताच एसटीतून उतरल्यासारखं ताजं. बोलता बोलता कोपरापासून मनगटापर्यंत खाजवत राहतो. फायबरच्या कामाचं ते बक्षीस. काचेच्या धाग्यांची चटई साच्यावर अंथरायची, वरून रेझिन लावायचं, ब्रशनं ठोकून ठोकून बसवायचं, कडक झालं की साच्यातून सोडवायचं. त्या काचेची कुसळं अंगात शिरतात ती शिरतातच. मामी त्याचे कपडे वेगळे धुते आणि धुताना जे काही बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढं गाडीच्या कंपनीनं फायबरचं मडगार्ड बंद करून प्लास्टिकचं सुरू केलं आणि मामाला घरी बसवलं. मग त्यानं उद्धवरावांच्या जागेत शेड घेतली. उद्धवराव म्हणजे मूळचे महाळुंगेकर. जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर शेडी आल्या, आणि आता दिवसभर खुर्ची टाकून भाडेकरूंच्या कामावर देखरेख करणं हाच त्यांचा उद्योग. मामा तेव्हा बागांसाठी तोंड उघडलेले पेंग्विन करत होता, कचरा टाकायचे.

"ज्योतीराम, ह्ये काय रं? कोंबडी का?" उद्धवरावांनी विचारलं.

"पेंग्विन हाय अण्णा."

"मग त्वांड का वासलंय त्यानं?"

"कचरा टाकायला."

"आरं मग फायबर कशाला वाया घालवतू? गावात त्वांड वासून बसल्याली लय हायेत आमच्या. त्यास्नी उभं कर बागंत."

अशा शेडसमोर एके दिवशी एक पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून निशिगंधा मॅडम उतरल्या. ताथवड्याला 'ज्युरा हाइट्स' नावाचं नवं गृहसंकुल होत होतं, त्याच्या मार्केटिंगच्या त्या प्रमुख. त्यांची वाक्यं मराठीत चालू होतात आणि वाटेत कुठंतरी गाडी बदलतात.

"दादा, बेसिकली काय आहे ना, आम्हाला एंट्रन्स गार्डनला एक डायनासोर हवाय. लाइफ साइझ. पण फॉरेनचा नको, सगळ्यांकडे असतो. आपला इंडियन हवा." त्यांनी टॅबवर चित्र दाखवलं. लांबलचक मान, तेवढीच लांब शेपूट, मध्ये टाकीसारखं पोट, खाली चार खांब. "बारापासॉरस. गोदावरीच्या खोऱ्यात याची हाडं सापडली, तिकडे तेलंगणात. पंचेचाळीस फूट लांब. आणि प्युअर व्हेजिटेरियन."

"शाकाहारी हाय व्हय?" उद्धवराव खुर्चीतून म्हणाले. "मग सोसायटीत जागा मिळंल त्याला."

मामा चित्रात नाक खुपसून बसला होता. "मॅडम, ह्येचं नेमकं काय करायचं माझ्याकडं? मान का शेपूट?"

"म्हणजे? अख्खाच!"

"आख्खा? डावं, उजवं, समदं माझ्याकडंच?"

"ऑफकोर्स दादा! फुल डायनासोर!"

मामा खाजवायचा थांबला. मी त्याला ओळखते तेव्हापासून तो खाजवायचा थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला अख्खी वस्तू करायला सांगत होतं.

"डोक्याचा थोडा इश्यू आहे," मॅडम म्हणाल्या. "कवटी सापडलेलीच नाही. काही दात मिळालेत फक्त."

"मग ह्या चित्रातलं डोकं कुणाचं?"

"त्याच्या नातेवाइकांवरून अंदाजे काढलंय."

"नातेवाइकांवरून अंदाज काढला," उद्धवराव म्हणाले, "तर आमच्या घरात कुणालाच डोकं न्हाई असं निघंल."

मॅडम हसल्या, मामा हसला नाही. तो चित्रातल्या पायांकडं बघत होता. मॅडमनी सांगितलं की हाडं खणताना मांडीचं जे हाड मिळालं ते चांगल्या उंच माणसाएवढं होतं आणि त्यावरूनच या जनावराला मोठ्या पायाचा म्हणून नाव पडलं. झालं. मामानं मनाशी धरलं, डोकं अंदाजे तर अंदाजे, पाय असा करायचा की बघणाऱ्यानं पायाशीच थांबावं.

त्या उन्हाळ्यात शेडमध्ये डायनासोरशिवाय दुसरं काही नव्हतं. मान तीन तुकड्यांत, शेपूट चार तुकड्यांत, पोट दोन अर्धुकांत. लोखंडी सांगाडा शेजारच्या शेडमधल्या बुद्धरत्नदादानं केला. तो वेल्डर, पिंपरीत वाढलेला, वडील एका कारखान्यातून रिटायर झालेले. कमी बोलतो, पण काम करताना मामाचं आणि त्याचं चांगलं जमतं, कारण दोघांनाही घाई केलेली खपत नाही. पायांना मात्र मामानं कुणाला हात लावू दिला नाही. मातीत पुढचा पाय घडवला, मागचा घडवला. सुरकुत्या, टाचेची गादी, बोटं. पुढच्या पायाला आतल्या अंगाला अंगठ्याचं एक मोठं वाकडं नख. ते नख त्यानं इतक्या वेळा मोडून केलं की मामी म्हणाली, "माझ्या पोरींच्या नखाला कधी येवढं जपलं न्हाई ह्येंनी." मग साचे घेतले, साच्यातून पाय काढले, घासले, ओळीनं भिंतीला टेकवून ठेवले. उद्धवराव येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवायचे, "ह्ये बघा, ह्येला म्हनत्यात पाय. तुमी चालता त्ये काय, नुसत्या काड्या."

पावसाळा सरता सरता ट्रेलरवरून सगळे तुकडे ताथवड्याला गेले. क्रेननं सांगाडा उभा केला, तुकडे चढले, सांधे भरले. बिल्डरचा एक रंगवणारा आर्टिस्ट होता, त्यानं फवाऱ्यानं सात-आठ छटांचा मातकट हिरवा मारला. पायाखालचा ओटा पक्का झाला. आणि एके दिवशी दुपारी परांची काढल्यावर मामा लांब जाऊन उभा राहिला.

डावीकडून बघितलं. "ब्येस," म्हणाला.

मग समोरून. मग पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तो लांबून बघायला उजव्या बाजूला गेला. तिथं थोडा वेळ उभा राहिला आणि मग ओल्या वाळूच्या ढिगावर खाली बसला.

साइटचा सुपरवायझर गणराज टाळ्या वाजवत आला. हा आकुर्डीचा पोरगा, हेल्मेटखालून केसांची झुलपं बाहेर. "ज्योतीभाऊ! नाद खुळा राव! विषयच कट!"

"गणराज, ह्यो पाय बघ."

"भारी पाय."

"डावाय."

"मग?"

"उजवीकडं हाय."

गणराजनं पाय बघितला, मामाला बघितलं, परत पाय बघितला. "मग काय झालं?"

"आंगठ्याचं नख आतल्या अंगाला पायजे. ह्येचं भायेर आलंय. मागच्या पायाचं बी तसंच. पोरं उलट्या चपला घालून हिंडत्यात ना, तसं झालंय. चारी पाय डावेच हायेत, गणराज."

"भाऊ," गणराजनं मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याला कुठं चालायचंय?"

  झालं असं होतं की डाव्या पायाचे साचे तयार झाले आणि मामाचं डोकं म्हणालं, झालं काम. जन्मभर तसंच झालं होतं. डावं झालं की मामाचं झालं, उजव्याचं भोसरीवाले बघून घेतील. त्यानं एकाच साच्यातून दोन-दोन नग काढले आणि भिंतीला ओळीनं टेकवले, जसे मडगार्ड टेकवतात. शेडमध्ये येऊन गेलेल्या शंभर लोकांपैकी कुणालाही वेगळं काही दिसलं नाही, कारण सगळेच या पट्ट्यातले. एका साच्याचे ओळीनं टेकवलेले नग ही आमच्याकडं जगातली सगळ्यात साधी गोष्ट.

मामानं निशिगंधा मॅडमना फोन लावला. स्पीकरवर, कारण हात रेझिनचे.

"दादा, टेक्निकली मी तुमचा पॉइंट समजू शकते. पण व्हिज्युअली इट्स ऑसम! लोक फेस बघतात हो. फीट कोण बघतं?"

"मॅडम, फेस तर अंदाजे हाय. पाय तरी नीट पायजे होते."

"दादा, दसऱ्याला ओपनिंग आहे. पत्रिका गेल्यात. रिलॅक्स करा, एन्जॉय करा!"

मामानं एन्जॉय केलं नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती. दसऱ्याला पडदा उघडेल तेव्हा जनावर आपल्या स्वतःच्या पायांवर उभं असावं. घरी जेवताना त्याचं लक्ष कुणाच्या ना कुणाच्या पायाकडं. रस्त्यात उद्धवरावांच्या म्हशीमागं उकिडवा बसून तिचे खूर बघत होता, तर मामी म्हणाली, "आवो उठा, लोक म्हणतील ह्येंना काय झालंय?" उद्धवरावांनी समजूत घातली, "आरं त्ये मरून इतकी कोटी वरसं झाली. तक्रार घिऊन यायला कोन बसलंय मागं?" या एवढ्या सगळ्या समजुतींचा मामावर परिणाम एवढाच झाला की तो समजूत घालणाऱ्याला खूश करायला "व्हय, व्हय" म्हणायला शिकला.

एकदा माझ्यापाशी मात्र बोलला. कोरा चहा होता समोर, त्यावर साय धरते तशी काहीतरी धरली होती. "पयल्यांदा आख्खं काम भेटलं बाळा. अन् मी अर्धंच केलं. दोनदा."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं उजवे पंजे करायला घेतले. नुसते घोट्याखालचे, एक पुढचा, एक मागचा. कुणी मागितले नव्हते. हाताला उजवं येईना. माती थापायचा, बोटं काढायचा, आणि लांब होऊन बघावं तर परत डावाच. शेवटी मामीच्या कपाटाचा आरसा स्क्रू काढून शेडमध्ये नेला, जुन्या पंज्यासमोर उभा केला आणि आरशातलं बघून बघून घडवत बसला. मामी तोवर स्टीलच्या ताटात बघून भांग पाडायची. "ताटात त्वांड बघून बघून मला आता माझंच जेवण वाटायला लागलंय," म्हणाली, पण आरसा परत मागितला नाही. वर हवा दमट. रेझिन धरेना, बोट लावलं की चिकट. मामा पंज्यांपाशी बल्ब लावून बसायचा, आजाऱ्यापाशी बसावं तसा.

पंजे साच्यातून सुटले ते खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. पांढरेधोट, आणि उजवे. उद्या सकाळी ताथवड्याला न्यायचे, जुने कापायचे, हे जोडायचे. परवा दसरा. वेळ बरोबर पुरत होता.

सकाळी मी गेले तेव्हा शेड झाडून सडा घातलेला. पाटावर लाल कापड, त्यावर ग्राइंडर, ड्रिल, कटर, पान्हे, रोलर, मामाचा फुटका ब्रशसुद्धा. मामा आंघोळ करून एकेकाला हळदकुंकू लावत होता. दरवर्षी करतो तसंच, तोंडानं काहीतरी पुटपुटत, झेंडूचं फूल ठेवत. शेवटचं फूल ग्राइंडरवर ठेवलं आणि हात तिथंच राहिला.

"शालन."

"काय?"

"आज ग्राइंडर लागणाराय."

मामीनं ग्राइंडरकडं बघितलं. पात्यावर हळदीची पाच बोटं, वर कुंकू, वर झेंडू. "मग कामून वाहिलं फूल?"

"सवयीनं."

खंडेनवमीला हत्यारं पुजली की ती त्या दिवशी उचलायची नाहीत, हे आमच्याकडं औशापासून महाळुंग्यापर्यंत सगळ्यांचं एकमत. कंपन्यांत मशिनी बंद करून तोरणं बांधतात, रिक्षावाले रिक्षा धुऊन उभ्या ठेवतात. आणि हे नियम कुणी मामावर लादले नव्हते, तोच सगळ्यात कडक पाळणारा. उद्धवराव ट्रॅक्टरची पूजा आटपून आले आणि त्यांनी निकाल दिला, "हळद लागली की पातं फिरवायचं न्हाई. ह्ये आमच्या आज्यापास्नं हाय."

मामा पांढऱ्या पंज्यावर जाऊन बसला आणि कोपर खाजवू लागला.

तेवढ्यात बुद्धरत्नदादा आला, पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला तो दरवर्षी नागपूरची गाडी धरतो. त्याची बायको दीक्षावहिनी बाहेर रिक्षात बसून हाका मारत होती, "अहो चला, गाडी काय आपल्या सांगाड्यासारखी उभी राहणार नाही!"

"काय झालं ज्योतीराम? तोंड का असं?"

मामीनं सांगितलं. बुद्धरत्नदादानं पाटाकडं बघितलं, पंज्याकडं बघितलं. आपली शेड उघडली आणि त्याचा निळा ग्राइंडर वायरीसकट आणून मामाच्या मांडीवर ठेवला. "आमच्याकडं खंडेनवमी नसते. हा मोकळा आहे. घेऊन जा."

"तसं चालतंय व्हय?" उद्धवराव.

"अण्णा, ग्राइंडर माझा. त्याला मी विचारलंय, तो हो म्हणाला."

मामा मामीकडं बघायला लागला. मामीनं जरा विचार केला. "आपल्या घरचं फूल न्हाई त्येच्यावर. जावा. पण पातं त्येंचंच लावा, आपलं नका लावू."

टेम्पोत पंजे, मामा आणि मी. कॉलेजला सुट्टी होती आणि टेम्पोत पंजे धरायला कुणीतरी हवं होतं. ताथवड्याला गणराज गेटवरच भेटला, "भाऊ, आज? उद्या पडदा आहे राव!" पण मामाचं तोंड बघून म्हणाला, "बरं, उरका पटकन. मॅडम संध्याकाळी येणारेत, त्याच्या आत विषय कट पाहिजे."

मामानं पोटाखाली जॅक लावला. पुढच्या उजव्या पायाचा घोटा खडूनं आखला आणि ग्राइंडर चालू केला. पांढरी धूळ उडाली, पंजा सुटला. चारी डाव्यांतला एक डावा कमी झाला. मामानं नवा पंजा उचलून घोट्याला लावून बघितला आणि तो बसला. नख आतल्या अंगाला. मामा दोन पावलं मागं गेला आणि म्हणाला, "ब्येस." उजव्या बाजूला उभं राहून त्यानं हे पहिल्यांदा म्हटलं.

आणि निशिगंधा मॅडम आल्या. संध्याकाळी नाही, भर दुपारी, फुलांचं डेकोरेशन करणाऱ्यांना घेऊन.

"ओ माय गॉड! पाय कुठंय?"

"हातात हाय मॅडम."

"आणि हे काय लावलंय पांढरं? दादा! हे प्लास्टर घातल्यासारखं दिसतंय! उद्या लोक फ्लॅट बघायला येणार आणि आमच्या एंट्रन्सलाच फ्रॅक्चर? कन्स्ट्रक्शनबद्दल काय मेसेज जाईल?"

"रंग देतो ना मी. आणलाय."

मामानं डबा उघडून पंज्यावर एक हात मारला. हिरवा होता, नाही असं नाही. शाळेच्या फळ्यासारखा हिरवा. वरचा पाय मात्र मातकट, शेवाळी, कुठं पिवळसर, कुठं राखाडी. आर्टिस्टनं त्या छटा कशा मिसळल्या ते आर्टिस्टलाच माहीत. तो सणाला गावी गेलेला. गणराजनं फोन लावला, बंद. परत लावला, बंद. मामा तोवर हिरव्यात काळा मिसळून बघत होता, मग पिवळा, मग हातानंच माती चोळली. जितकं मिसळेल तितका तो पंजा जनावरापासून लांब लांब जायला लागला.

"दादा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि इंग्रजीही गेलं होतं. "मला वर उत्तर द्यायचंय हो. जुना लावा ना."

"मॅडम, तो डावाय."

"मला माहितीये. लावा."

गणराज जमिनीकडं बघत होता. त्याच्याकडं सगळे वायरमन आणि माळी, फायबरचा सांधा भरणारा कुणी नाही. म्हणजे जे काही करायचं ते मामानंच करायचं. जनावर जॅकवर उभं, एक पाय अधांतरी, आणि ते तसं ठेवून निघून जाणं मामाच्यानं होण्यासारखं नव्हतं.

त्यानं जुना पंजा उचलला. धुळीनं भरला होता, तो फडक्यानं पुसला. घोट्याला लावला, आतून काचेची चटई भरली, रेझिन लावलं, ब्रशनं ठोकून ठोकून बसवलं. कडक झाल्यावर घासलं, परत भरलं, परत घासलं. आर्टिस्टचा उरलेला रंग फवाऱ्याच्या डब्याच्या तळाशी थोडा होता, तेवढा सांध्यापुरता पुरला. काम झाल्यावर मी बोट फिरवून बघितलं, कापल्याची खूण लागत नव्हती. मामाला वाईट काम करताच येत नाही, चुकीचं असलं तरी.

मागच्या पायाला त्यानं हात लावला नाही.

दसऱ्याला पडदा उघडला, टाळ्या झाल्या, सनईची रेकॉर्ड वाजली. पोरं शेपटीवर चढली. मोठी माणसं आपट्याची पानं देत एकमेकांच्या गळ्यात पडली आणि लगेच मान फिरवून सेल्फीत हसली. निवेदकानं मामाला स्टेजवर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. "तर मंडळी, हे आहेत आपल्या या महाकाय पाहुण्याचे निर्माते! दोन शब्द बोला काका!"

मामानं माइक धरला. "उजव्या अंगाचे जे पाय हायेत," तो म्हणाला, "त्ये..."

"वा! पायांवर किती मेहनत! जोरदार टाळ्या!" आणि माइक दुसऱ्या हातात गेला.

घरी येताना शाल मामीच्या खांद्यावर होती आणि नारळ माझ्याकडं. उजवे पंजे परत शेडमध्ये आले. एकात उद्धवराव विड्यांची थोटकं टाकायला लागले होते, मामीनं ते बंद करवलं.

मग दिवाळी झाली, मग थंडी पडली. एका रविवारी आकुर्डीहून येताना मामानं टेम्पो ताथवड्याकडं घातला.  'ज्युरा हाइट्स'मध्ये आता लोक राहायला आले होते. बाल्कन्यांत कपडे वाळत होते आणि त्यांच्यामधून ती लांब मान वर आलेली. गेटवर निळ्या गणवेशातला वॉचमन, हातात मोबाइल.

"कुणाकडं जायचंय?"

"आत. ते जनावर हाय ना."

"जनावर अलाव न्हाई. सोसायटीचा नियम हाय."

"आवो, आणायचं न्हाई. आतलंच हाय ते. बघायचंय फकस्त."

वॉचमननं मोबाइलवर बोट तयार ठेवलं. "फ्लॅट नंबर सांगा. त्येंनी हो म्हटल्याबिगर गेट उघडत न्हाई."

"त्याला कुठला फ्लॅट नंबर?"

"मग मी कुणाला इचारू?"

मामा जरा घुटमळला. मग हळूच, कुणाचं तरी नाव सांगावं तसं म्हणाला, "म्या केलंय ते."

वॉचमननं त्याला नीट बघून घेतलं. कोपरावरच्या खाजवलेल्या खुणा, रेझिननं कडक झालेली पँट. खोटं बोलतोय असं त्याला वाटलं नाही, ते कळत होतं. "पाहुणे," तो म्हणाला, "इथलं समदं कुणी ना कुणी केलंयच की. त्या 'बी' विंगच्या खिडक्या मी बसवल्यात. वॉचमन व्हायच्या आदी. आता मला बी वर जायला नंबर लागतोय."

 आतून एक गाडी आली, वॉचमननं सलाम ठोकून गेट उघडलं, गाडी गेली, गेट लागलं. रस्त्याच्या बाजूला नेमकी जनावराची उजवी बाजू येते. गजांतून दोन्ही पंजे स्वच्छ दिसत होते, नखं बाहेरच्या अंगाला, आमच्याकडं. पुढच्या पायावर एक पोरगी बसून वेफर्स खात होती. नखाला पाठ टेकली होती तिनं, आरामात. आत असतं तर टेकता आली नसती.

"त्येच्या पायाशी काय लावलंय ते?" मामानं विचारलं. "रोपं?"

"मेंदी. कुंपणाला लावलीय."

"किती वाढती?"

"छाटली न्हाई तर गुडघ्याइतकी."

मामानं स्वतःच्या गुडघ्यापाशी आडवा हात धरला, मग एक डोळा मिटून तो हात गजांतून दिसणाऱ्या पंज्याशी लावून बघितला. पुरत होतं.

"पाणी घालता का रोज?"

"माळी घालतो. दिवसाआड."

"त्याला म्हणावं रोज घाल," मामा म्हणाला. "उजव्या अंगाला जरा जास्त."